पाटल्यांचे ना हरकत प्रमाणपत्र

निवृत्तीसाठी सोने दोन तऱ्हांनी साठवता येते. एक घडीव, म्हणजे हातात धरता येणारे. दुसरे कागदी, म्हणजे ज्याचा फक्त कागद हातात येतो. अलीकडे तोही येत नाही, ईमेल येतो. पहिल्या प्रकारात पाटल्या, बांगड्या, वेढणी, नाणी आणि बिस्किटे मोडतात. ‘मोडतात’ म्हणजे त्या वर्गात येतात एवढेच. एरवी पाटल्या मोडायच्या म्हटल्यावर काय होते ते पुढे येईलच. दुसऱ्या प्रकारात सार्वभौम सुवर्णरोखे, गोल्ड ईटीएफ आणि सोन्याचे म्युच्युअल फंड येतात.

यातले कुठले घ्यावे हा पेच सगळीकडेच पडतो, पण मुंबईत अँटॉप हिलच्या सीजीएस कॉलनीत, म्हणजे केंद्र सरकारी नोकरांच्या वसाहतीत, तो तारीखवार पडतो. केंद्र सरकारचा नोकर साठी पुरी होते त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. जन्म १ तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. महाराष्ट्रात एका पिढीतल्या कितीतरी मुलांना शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख बहाल केली. त्यामुळे ३१ मेला शाल, श्रीफळ आणि सामोसे यांना एकदम मागणी येते, आणि १ जूनच्या सकाळी ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, जीपीएफ आणि विकलेली पेन्शन अशा चार वाटांनी येणाऱ्या रकमेचे काय करायचे यावर घरोघरी बैठक बसते. ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून २५ लाख आहे. हेड क्लार्कचा त्या मर्यादेशी संबंध येत नाही, पण बैठकीत नातेवाईक आकडा तोच धरतात.

या वसाहतीत सोन्याला जरा निराळे वजन आहे. क्वार्टर सरकारचे, पंखे सरकारचे, मोरीचा नळ सरकारचा, आणि तो गळतो ती तक्रार सीपीडब्ल्यूडीच्या वहीत. तीस-पस्तीस वर्षे राहून घरात स्वतःचे म्हणावे असे काय, तर माणसे, गोदरेजचे कपाट आणि कपाटाच्या आतल्या खणातले सोने. इतर लोक निवृत्त होऊन घरी बसतात. अँटॉप हिलचा माणूस निवृत्त झाला की काही महिन्यांच्या मुदतीत घरातून उठतो, आणि डोंबिवली, बदलापूर किंवा गाव यांपैकी एक निवडतो. घर घेताना कुठेतरी दोन-तीन लाख कमी पडतातच. तेव्हा सगळ्यांची नजर त्या आतल्या खणाकडे वळते.

घडीव सोन्याचा अभ्यास वजनापासून सुरू करावा, कारण भांडणही तिथूनच सुरू होते. जुना तोळा ९६ गुंजांचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. आजचा सराफ तोळा म्हणतो तेव्हा त्याच्या मनात १० ग्रॅम असतात. आजीच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या खऱ्या असतील तर काट्यावर ५८.३२ ग्रॅम भरायला हव्यात. ५० भरल्या तर आजी खोटे बोलली, सोनार खोटे बोलला की दशमान पद्धत खोटी, यावर घरात तीन पक्ष पडतात. त्यात पाटल्या २२ कॅरेटच्या, म्हणजे शंभरात ९१.६ भाग सोने. म्हणून हॉलमार्कवर ९१६ हा आकडा असतो. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या प्रत्येक नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी लागतो. तो साठीच्या डोळ्यांना दिसत नाही. सराफाच्या भिंगातून दिसतो, पण तोपर्यंत सराफावर विश्वास ठेवावाच लागतो.

पुढचा प्रश्न घडणावळीचा. दागिना घेताना घडणावळ द्यावी लागते, वर ३ टक्के जीएसटी. मोडताना यातले काही परत मिळत नाही. उलट आटणीत तूट धरतात. बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली असते. सोन्याचा भाव २०२५ साली १० ग्रॅमला लाखाच्या वर गेला, तरी मण्यातली ही लाख मोडीच्या वेळी शून्य रुपयांची. ठुशी, वजरटीक, कोल्हापुरी साज हे दागिने गळ्याला शोभतात, पण बचतीला नाही, कारण त्यांत सोन्याइतकीच कारागिरी असते आणि म्हातारपणी कारागिरी कोणी विकत घेत नाही. बचतीसाठी जुन्या बायकांनी काढलेली युक्ती म्हणजे वेढणी. चोख सोन्याची, बिननक्षीची, बोटाला दोन-तीन वेढे घालणारी तार. गुढीपाडव्याला, दसऱ्याला किंवा गुरुपुष्यामृताला एक-एक घ्यायची, जमली की पुढे कशात तरी घालायची. घडणावळ नावापुरती, लाख नाही, खडे नाहीत. गुंतवणूक सल्लागार ज्याला शिस्तबद्ध बचत म्हणतात ती या बायका अर्धशिक्षित असताना करत होत्या, आणि त्यासाठी कोणी त्यांच्याकडून केवायसी मागितले नाही.

सोने ठेवायचे कुठे, याची जुनी उत्तरे तांदळाचा डबा, देव्हाऱ्याचा खण आणि वापरात नसलेला प्रेशर कुकर अशी आहेत. ती चोरांनाही पाठ झाल्यामुळे लोक बँकेत लॉकर घेतात. लॉकरमध्ये काय आहे हे बँक विचारत नाही. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा बँकेच्याच माणसाची अफरातफर असे काही झाले, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पट. भाडे ३,००० असेल तर भरपाई जास्तीत जास्त ३ लाख, म्हणजे आजच्या भावाने तीन तोळ्यांच्याही आत. उरलेले तोळे ग्राहकाच्या श्रद्धेवर असतात. लॉकर उघडायला नवरा-बायको जोडीने जातात आणि आत एकमेकांना हळू आवाजात विचारतात, “एवढंच होतं?”

आता मोडण्याविषयी. समजा, कॉलनीतल्या एका अधीक्षकाला बदलापूरच्या फ्लॅटसाठी शेवटचे तीन लाख कमी पडतात. कपाटात पाच तोळ्यांच्या पाटल्या आहेत. हिशेबाने प्रश्न सुटलेलाच आहे. तो चहाबरोबर विषय काढतो.

“त्या आईंच्या आहेत,” पत्नी म्हणते.

आई जाऊन अकरा वर्षे झाली, पण सोन्याच्या मालकीत मृत्यूने फारसा फरक पडत नाही. आईंनी त्या नातसुनेसाठी ठेवल्या होत्या. नातू पुण्यात असतो, त्याचे लग्न ठरलेले नाही, ठरण्याचे चिन्हही नाही. तरी नातसुनेचा हक्क पक्का. फाइल मग ठाण्याच्या मुलीकडे जाते. “मला काही नको, बाबा,” ती म्हणते. “आजी एक पाटली मला देणार होती, ते असू दे.” ‘मला काही नको’ हा शेरा सरकारी टिपणीतल्या ‘तत्त्वतः मान्य’ इतकाच घातक असतो. चिपळूणच्या आत्याला इतक्यात कळवायचे नाही असे ठरते, म्हणून रात्री नऊला आत्याचा फोन येतो. “मोड की, दादा. खुशाल मोड. माझं काय आहे त्यात? आईच्या हातातल्या होत्या, एवढंच आपलं.” असा बिनशर्त होकार मिळाल्यावर पाटल्या कपाटात परत जातात.

दुसऱ्या दिवशी त्याच पाटल्या गहाण पडतात. गहाणाला कोणाची हरकत नसते, कारण ते कोणाला सांगत नाहीत. व्याज अधीक्षक भरतो, पाटल्या आईंच्याच राहतात.

मराठीत ठेवही मोडतात आणि दागिनाही मोडतात. क्रियापद एकच, पण मुदतठेव मोडणे हा व्यवहार आणि पाटली मोडणे हा प्रसंग. म्हणून घरातले किती सोने निवृत्तीसाठी आहे हे काढायचे तर एकूण वजनातून दावेदार वजा करावे लागतात. बहुतेक घरांत बाकी उरते ती एक अंगठी आणि कार्यालयाने पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल दिलेले नाणे. नाणे पुष्कळदा चांदीचे निघते.

विकायचे ठरलेच तर कराचा भाग थोडक्यात असा. घडीव सोने २४ महिन्यांहून अधिक काळ बाळगून विकले तर नफ्यावर १२.५ टक्के. वारशाने आलेल्या सोन्याला मूळ मालकाची खरेदीची किंमत लागू. ती खरेदी १ एप्रिल २००१ च्या आधीची असेल तर त्या दिवशीचा भाव धरता येतो. ही सवलत फार माणुसकीची आहे, कारण सासूबाईंची १९५८ सालची पावती कोणाकडेच नसते.

सरकार आणि सोने यांचे नाते घराघरातल्यापेक्षा वेगळे नाही. चीनच्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली, आणि हजारो सोनारांचा धंदा बसला. १९६५ मध्ये राष्ट्रीय संरक्षण सुवर्णरोखे निघाले: आज सोने द्या, १५ वर्षांनी १९८० मध्ये सोनेच परत घ्या. परत मिळायचे ते ठरावीक शुद्धतेचे सोने. दिलेली पाटली काही पाटली होऊन येत नव्हती. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने लगडी आणि बिस्किटे सामान्य माणसाच्या घरातून हद्दपार केली. ती तस्करांच्या जाकिटांत राहायला गेली. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. रद्द करण्याची घोषणा अर्थसंकल्पात करणारे अर्थमंत्री होते मधु दंडवते, राजापूरचे खासदार आणि मुंबईतल्या सिद्धार्थ महाविद्यालयातले पदार्थविज्ञानाचे माजी प्राध्यापक. सोन्याचे घनत्व त्यांना बहुतेक अर्थमंत्र्यांपेक्षा चांगले माहीत असणार.

पुढच्याच वर्षी सरकारवर अधीक्षकाची पाळी आली. परकीय चलन संपत आले, आणि जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ४६.९१ टन सोने मुंबईहून विमानाने पाठवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे गहाण ठेवले. काम गुपचूप झाले. शेजाऱ्यांना कळले ते वर्तमानपत्रांतून, आणि मग देशभरच्या आत्यांनी जे म्हणायचे ते म्हटले.

कागदी सोने महाराष्ट्राला तसे नवे नाही. दर दसऱ्याला आपट्याचे पान सोने म्हणून हाती दिले जाते आणि घेणारा तोंड वाकडे न करता ते घेतो. घडणावळ नाही, जीएसटी नाही. दुसऱ्या दिवशी सगळी गंगाजळी केरात. सरकारी सुवर्णरोखा याच्या पुढची पायरी. योजना नोव्हेंबर २०१५ मध्ये, नेमकी धनत्रयोदशीच्या सुमाराला, सुरू झाली. पहिल्या मालिकेचा भाव ग्रॅमला २,६८४ रुपये. मुदत आठ वर्षे, पाच वर्षांनंतर बाहेर पडायची सोय. वर व्याज, पहिल्या काही मालिकांना सालीना २.७५ टक्के आणि नंतरच्यांना २.५. व्याज करपात्र, पण मूळ खरेदीदाराने मुदतीपर्यंत धरला तर भाववाढीवर कर नाही. घरातल्या सोन्याने आजवर कधी व्याज दिले नव्हते. कपाटातल्या पाटल्यांनी सहा महिन्यांनी ३६९ रुपये ५ पैसे आणून ठेवले असते तर त्यांचा मान आणखी वाढला असता. १० ग्रॅमच्या रोख्याने ते नेमाने आणले आणि कोणी त्याला हळदकुंकू वाहिले नाही.

खरे तर वाहिले. रोखा म्हणजे होल्डिंग सर्टिफिकेट, साध्या ए-फोर कागदावरचे. कागदाला सोने मानणे मनाला जड जाते, म्हणून कॉलनीत त्यावर संस्कार करण्याची पद्धत पडली. आधी सर्टिफिकेट लॅमिनेट करायचे. मग लक्ष्मीपूजनाला पाटावर, पाटल्यांच्या शेजारी, झाडूच्या अलीकडे ठेवायचे. लॅमिनेशनवर कुंकू टिकत नाही, घसरते, म्हणून बोटाने दाबून लावायचे. दुसऱ्या दिवशी ते पुसून सर्टिफिकेट लॉकरमध्ये. सोने सांभाळायला नको म्हणून घेतलेला कागद असा सोन्याशेजारीच सांभाळला जातो. तो हरवला तरी सोने हरवत नाही, नोंद रिझर्व्ह बँकेच्या वहीत असते, हे बँकेतली मुलगी समजावून सांगते. ऐकणारा मान डोलावतो आणि लॉकरची किल्ली मागतो.

रोख्याचा मोठा गुण वेगळाच. तो घालून कोणी लग्नाला जात नाही, म्हणून त्यावर आत्याचा हक्क बसत नाही. नातसुनेला रोखा घालावा असे कुठल्याच आजीच्या मनात येत नाही. घरातली ही एकमेव सुवर्णमय वस्तू जी निवृत्त माणूस कोणालाही न विचारता विकू शकतो. शेअर बाजारात विकायला गेल्यास गिऱ्हाईक कमी आणि भावही पडेल, हा तोटा आहे. पण गिऱ्हाईक चिपळूणचे नसते.

ही सोय फार दिवस टिकली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमला ६,२६३ रुपयांनी मालिका निघाली, आणि त्यानंतर सरकारने नवा रोखा काढणे थांबवले. भाव असा चढत गेला की जनतेला दिलेले वचन सरकारला जड होऊ लागले. दरम्यान रिझर्व्ह बँकेने स्वतः काय केले ते पाहण्यासारखे आहे. २०२३-२४ या वर्षात तिने इंग्लंडमध्ये ठेवलेले सुमारे १०० टन सोने विमानाने घरी आणले. जनतेला सोने कागदावर ठेवण्याचे फायदे आठ वर्षे समजावणाऱ्या संस्थेने आपले सोने मात्र हाताशी असलेले बरे असे ठरवले. ही बातमी आली ३१ मे २०२४ रोजी. अँटॉप हिलमधल्या त्या दिवशीच्या निरोप समारंभांत ती भाषणांपेक्षा लक्षपूर्वक ऐकली गेली असल्यास नवल नाही.

नवा रोखा मिळेनासा झाल्यावर कागदीत मुख्य उरतो तो गोल्ड ईटीएफ. भारतातला पहिला २००७ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात आला. फंड खरे सोने तिजोरीत ठेवतो आणि त्याचे बारीक तुकडे, अगदी ग्रॅमच्या शंभराव्या भागाएवढे, डीमॅट खात्यात जमा करतो. व्याज नाही, उलट फंडाचा थोडा वार्षिक खर्च कापला जातो. आज दुपारी विकला की पैसे दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी. १२ महिन्यांनंतर विकल्यास नफ्यावर तोच १२.५ टक्के कर. निवृत्तीच्या दृष्टीने खरी गोम अशी की डीमॅट खाते मुलाने उघडून दिलेले असते आणि ओटीपी मुलाच्या मोबाइलवर जातो. पुण्याहून फोन येतो, “बाबा, सोनं का विकताय? काही झालंय का?” आणि ना हरकत प्रमाणपत्राचे प्रकरण फिरून टेबलावर येते. ईटीएफची पूजाही होत नाही. मोबाइल पाटावर ठेवला तर अर्ध्या मिनिटात काळा पडतो, आणि आरतीच्या मध्यात कर्ज हवे का विचारणारा फोन येतो.

मोबाइलवर एक रुपयापासून मिळणाऱ्या डिजिटल सोन्याबद्दल एवढेच, की ते आपल्या नियमनाखाली येत नाही असे सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. सराफाच्या मासिक भिशीलाही सेबी नाही, पण तिथे निदान चहा मिळतो.

किती सोने ठेवावे? सल्लागार पुंजीच्या पाच ते पंधरा टक्के सांगतात. बाकीचे मासिक खर्चाला जुंपावे, कारण सोने दूध आणत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख ठेवले तर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. ३० लाखांचे सोने तिमाहीनंतर होते तिथेच असते.

पहिल्या मालिकेचा रोखा ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मुदतीला आला, तो ग्रॅमला ६,१३२ रुपयांनी. ३१ मे २०१५ ला निवृत्त होऊन त्या दिवाळीत १० ग्रॅम घेतलेल्या गृहस्थाच्या खात्यात २६,८४० चे ६१,३२० जमा झाले, आणि मधल्या आठ वर्षांत व्याजाचे ५,९०४ रुपये ८० पैसे. घरातून विचारणा झाली, “आठ वर्षं सोनं सोनं म्हणत होतात. कुठाय ते?” मोबाइलवर आलेला बँकेचा मेसेज हे उत्तर मान्य झाले नाही. तेव्हा ते दोघे बदलापूरहून गाडीने दादरला गेले, रानडे रोडवर १० ग्रॅमचे नाणे बघितले. त्याच भावाने घेतले तरी जीएसटीचे १,८३९ रुपये ६० पैसे वर द्यायचे; ते व्याजातून गेले. उरलेल्या चार हजार पासष्टमध्ये नाण्याची घडणावळ, दोन पेले पीयूष आणि परतीची टॅक्सी बसली. टॅक्सी सवयीने अँटॉप हिलला जायला सांगितली होती. ती हिंदू कॉलनीपाशी वळवून परत स्टेशनवर आणली.

नाणे महिनाभर बिनदावेदार राहिले. मग पुण्याच्या मुलाचे लग्न एकदाचे ठरले. लॉकरमध्ये आता कुंकवाचा डाग पडलेले ते लॅमिनेट सर्टिफिकेट तेवढे आहे. मुदत संपलेली, किंमत शून्य. तरी टाकून द्यायला कोणी धजत नाही, कारण सोन्याचे आहे.